तिच्यापुढे चालताना

अभ्यासाला पुस्तक लागतं, शांतता लागते, रेक्टरबाईंच्या मते थोडी भीतीही लागते. पण अभ्यासाला पुढे चालणारं कोणीतरी लागतं असं मानणारी जगातली एकमेव विद्यार्थिनी इस्लामपूरच्या वसतिगृहात नेमकी माझ्याच खोलीत राहायला यावी, हे माझं नशीब. ती आटपाडीकडची. घरी शेळ्यामेंढ्या. दहावी-बारावीचा सगळा अभ्यास तिने पुस्तक हातात धरून शेरडांमागे हिंडत केलेला. बसल्या जागी तिला दोनच गोष्टी जमायच्या, पेंगणं आणि पेंगता पेंगता खुर्चीवरून घसरणं. "पाय थांबलं की डोस्कं थांबतंय माजं," असं ती इतक्या शांतपणे सांगायची, की आपण इतकी वर्षं बसून का वाचत आलो अशी शंका यावी.

खोलीत आम्ही तिघी. तिसरी पाचगणीची, म्हणून तिला सगळे पाचगणीच म्हणत. तिघीही बारावी होऊन डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला पुन्हा बसणाऱ्या. जीवशास्त्राची उजळणी इतक्या वेळा झाली होती की पेशी म्हटलं तरी जांभई यायची. बेडकाबद्दल मला तर कायमचा आकस बसला होता. अशा दमलेल्या जिवांना तिने आल्या आल्या कामाला लावलं. वसतिगृहात शेरडं नव्हती, आम्ही होतो. रोज संध्याकाळी गच्चीवर मी आणि पाचगणी पुढे, आणि मागून ती मोठ्यांदा वाचत. आम्ही रेंगाळलो की "हुर्रर्र" करायची, तेवढ्याने भागलं नाही तर पाठीत पेनाचं टोपण बसायचं. थोड्याच दिवसांत आम्ही पाण्याच्या टाकीपाशी न सांगता वळायला लागलो. सुरुवातीला मी चिडायचे. पुढे चिडायचंही त्राण उरलं नाही, आणि बसून वाचण्यापेक्षा चालणं बरं वाटायला लागलं.

आम्ही नसलो की ती मिळेल त्याच्या मागे चालायची. रेक्टरबाईंच्या मागे पुस्तक घेऊन ती इतकी हिंडली की ही पोरगी आपल्यावर पाळत ठेवते आहे अशी बाईंची खात्रीच झाली. एकदा भर दुपारी कुणा अनोळखी नवरदेवाच्या मिरवणुकीमागे चालत तिने अख्खी उत्सर्जन संस्था संपवली. मिरवणूक मांडवात शिरली, तर तिथे जेवूनही आली. नवरा कोण होता, हे तिला सांगता आलं नाही. जिलेबी मात्र बरी होती म्हणाली.

तिचा अभ्यास कच्चा होता असं नाही. पण शेळी तिची पाठ सोडत नव्हती. क्लासमध्ये सरांनी एकदा तिला फळ्यावर माणसाची पचनसंस्था काढायला बोलावलं. तिने सुंदर आकृती काढली, फक्त तीत रवंथाचा कप्पाही काढला. माणूस रवंथ करत नाही, असं सर समजावून सांगायला लागले, तशी ती मागे वळून आम्हा दोघींकडे बघत राहिली. तीच ती प्रकरणं आम्ही किती महिने चघळत होतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

खरी पंचाईत पेपरची होती. पेपर बाकावर बसून द्यावा लागतो. गच्चीवर जे घडाघडा यायचं, ते बाकावर बसलं की गायब. मग सराव परीक्षेत ती बाकाखाली पाय हलवायची, तेव्हा कुठे थोडं आठवायचं, आणि शेजारची मुलगी वैतागायची. तिला बसायची सवय लागावी म्हणून पाचगणीने एकदा तिचे पाय ओढणीने खुर्चीला बांधले. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत ती गाढ झोपली होती. अशातच एका रविवारी तिचे वडील भेटायला आले. आमच्यासाठीही भाकरी-ठेचा घेऊन आले होते. जाताना चपला पायात सरकवत तिला म्हणाले, "औंदा झालं तर झालं, बाय. तुज्या जागी शेरडांमागं आई हिंडतीया, तिचं गुडघं आता साथ देईनात." त्या संध्याकाळी तिने आम्हाला पुस्तकातली अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत चालवलं, आणि आम्हीही मुकाट्याने चाललो.

परीक्षा सांगलीला होती. केंद्र एकच, वर्ग वेगळे. मी प्रश्न वाचायचे आणि पाठीमागून तिचा आवाज यायचा, त्याच हेलात, त्याच वेगात. मी नुसती त्या आवाजापुढे चालत राहिले. बाहेर आले तर ती फाटकापाशी उभी होती. पर्यवेक्षकांनी तिला पाय हलवू नकोस, शेजारच्या मुलीला त्रास होतो, म्हणून सांगितलं होतं. रागावून नव्हे, आणि त्यांचंही काही चुकलं नव्हतं. "मग गुडघं दाबून धरलं आन् बसले," ती म्हणाली, "म्होरं कायबी आठवंना." मग तिने आम्हाला उसाचा रस पाजला आणि स्वतः उभ्यानेच प्यायली.

निकाल लागला. पाचगणीला आणि मला प्रवेश मिळण्याइतके गुण पडले. तिला नाही पडले. ती तोवर घरी गेलेली होती. मी दोनदा तिचा नंबर लावला आणि वाजायच्या आत तोडला. शेवटी तिचाच फोन आला. मागे शेळ्या ओरडत होत्या. तिने आधी पाचगणीचं विचारलं, मग माझं. दोघींचं झालं, असं मी सांगितलं. ते तुझ्यामुळे झालं, हेही सांगितलं आणि मला रडू आलं. मी रडते आहे तोवर ती थांबली. मग म्हणाली, "दिस मावळायला कळप घरी आला की म्हातारी माणसं पयलं येकच इचारत्यात." तेच तिने मला विचारलं.

"मागं कोण ऱ्हायलं न्हाई न्हवं?"

मी नुसतं "नाही" म्हणाले.

"मग झालं तर," ती म्हणाली.