आजोबांच्या दशा

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, दशा म्हणजे काय? आजोबा हॉस्पिटलला निघाले की म्हणायचे, दशा दाखवून येतो." तेव्हा मला इंग्रजीत नीट सांगता आलं नाही, म्हणून मराठीत लिहिते.

आजोबांना रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा त्यांना एकच हवं होतं: ताप जावा आणि तुमच्याकडे येण्याइतकी ताकद यावी. डॉक्टर गुजराती. त्यांनी समजावलं की पेशीच्या आत दोरे असतात. पेशीच्या दोन पेशी झाल्या की दोऱ्यांचे 'छेडा' जरा झिजतात. पुरते झिजले की पेशी थांबते. कर्करोगाची पेशी मात्र टेलोमरेज नावाच्या रसायनाने आपले छेडा पुन्हा विणून घेते. नवं औषध ते विणणं बंद पाडणार होतं. याच पेशींमुळे अंगात दाह होता, त्या कमी झाल्या तर तापही उतरेल, अशी डॉक्टरांना आशा होती.

रिक्षात आजोबा म्हणाले, "छेडा छेडा करून डॉक्टर माझी छेड काढत होता."

"छेडा म्हणजे टोक. ठाऊक आहे तुम्हाला."

"टोक कशाला? शेवट म्हण की सरळ."

मला तो शब्द घरात नको होता. त्यांच्या शालीच्या काठाला सुटे धागे लोंबत होते. ते हातात धरून मी म्हटलं, "दशा म्हणा. या बघा, अशा."

"माझी तर दुर्दशा आहे," म्हणाले, आणि घरापर्यंत हसत राहिले.

औषध लागू पडलं. ताप गेला. एकटे खंडेराव मार्केटात जाऊन पापडी घेऊन आले, आणि मला माळ्यावरची बॅग काढायला लावली. तुमच्याकडे थंडी असते म्हणून शाल आधी आत ठेवली.

मग अंग पुन्हा तापू लागलं. डॉक्टर म्हणाले, पेशी आता औषधाला जुमानत नाहीत.

आजोबा होते तोवर घरात मराठी बोलणं व्हायचं. हल्ली माझा दिवस गुजरातीत जातो. भाजीवाली विचारते, "केम छो, बा?" मी म्हणते, "मजामां." तुमच्याशी बोलते ते इंग्रजीत. मराठीत काही सुचलं तर तोंडातच राहतं.

बॅग पलंगाखाली आहे, तशीच भरलेली. याल तेव्हा तुम्हीच उघडा. शाल वरच आहे.