तो माझ्याबरोबर नाही

अंजलीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सगळं सांगतो. ऑफिसात कोणाशी वाजलं, डायबेटिस असताना कोणाच्या घरी किती गुलाबजाम हाणले — सगळं. हे तेवढं सांगितलेलं नाही. तिलाच नाही, तर दुसऱ्या कोणाला कुठून सांगणार? आणि सांगायचं तरी कसं? त्याच प्रकरणाबद्दल आमच्या मंडळात माझा सत्कार झालाय हो — शाल, श्रीफळ, टाळ्या. मिटलेलं तोंड आता उघडायचं कुठून?

थांबा. आधी ती टीम सांगतो. टीमबद्दल बोलायला मला आवडतं. मुद्द्यापासून लांब राहता येतं हे एक कारण आहे, नाही कशाला म्हणू — पण टीम होतीच तशी.

आम्ही हर्नडनला राहतो, व्हर्जिनियात. मी मूळचा सांगलीकडचा, कबड्डीच्या मैदानावर गुडघे फोडून घेत वाढलेला. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला ग्रेग शनिवार-रविवार रग्बी लीग खेळायचा आणि सोमवारी नाकावर बर्फ धरून कोड लिहायचा. त्यानंच सांगितलं, पॅसिफिकमधल्या एका छोट्या देशाची राष्ट्रीय टीम येतेय. देशाचं नाव मी मुद्दाम घेत नाही — इतका छोटा देश आहे की माणूस लगेच सापडेल. पन्नासेक वर्षांपूर्वी त्यांची पहिली टीम अमेरिकेत आली होती. बसमधून गावोगाव फिरली, खूप हरली, थोडी जिंकली. तिची आठवण म्हणून आताची टीम तोच दौरा, त्याच रस्त्यानं पुन्हा करत होती. शेवटची मॅच आमच्या काउंटीच्या मैदानावर. ग्रेग म्हणाला, पिझ्झा खाऊन पोरं वैतागलीत, तुम्ही लोक भात खाता ना?

खातो म्हणजे काय! अंजलीनं मोठ्या पातेल्यात भात लावला, डाळ, रस्सा, आणि मी मारे यजमान होऊन प्रॅक्टिसला गेलो. आणि गेलो तो तिथेच अडकलो. हा खेळ अमेरिकन लोकांना समजावताना ग्रेगच्या तोंडाला फेस यायचा. मला दहा मिनिटांत कळला. बॉल घेऊन घुसायचं, पाचसहा जण अंगावर येऊन आडवं करतात, मग पकडलेला गडी उठतो, बॉल जमिनीवर ठेवून पायानं मागे सरकवतो, की पुन्हा घुसाघुशी. सहा वेळा पकडलं की बॉल दुसऱ्यांना. अहो, ही तर आपली पकड! मी रेषेवरून ओरडायला लागलो — "घोटा धर, घोटा!" मराठीत. आणि एका पोरानं खरंच घोटा धरला. योगायोग असेल, पण मी हवेत गेलो.

काय माणसं होती ती! दाराच्या चौकटीएवढाले खांदे, आणि आमच्या घरी जेवायला बसायच्या आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी गाणं म्हणायची. तीन सुरांत. अंजली स्वयंपाकघराच्या दारात रडायला लागली. ज्याला पाडलं त्याला हात देऊन उठवायचं, हरले तर हसत हरायचं. असं खेळताना मी आपल्याकडे फार थोड्यांना पाहिलंय. मी स्वतः तर कधीच तसा खेळलो नाही.

त्या टीममध्ये एकच मुलगा भारतीय वंशाचा होता. सूरज. पंचविशीतला, काळीभोर दाढी, मान जवळजवळ नाहीच. त्याच्या पूर्वजांना इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर नेलं होतं. त्याची हिंदी ऐकून मी पहिल्यांदा हसलो, भोजपुरीसारखी काहीतरी, मधेच इंग्लिश. पण बोलता बोलता तो म्हणाला "हमार आजा" — आणि मी ताटावरून मान वर केली. आजा! हा शब्द मी आमच्या गावानंतर कुठे ऐकला नव्हता. माझ्या वडिलांच्या वडिलांना आम्ही आजाच म्हणायचो. समुद्रापलीकडच्या त्या बेटावर हा मुलगा तोच शब्द वापरत होता, त्याच अर्थानं. संपलं. त्या क्षणापासून सूरज आमचा झाला. मंडळात मी फोनवर फोन केले — "आपला मुलगा आहे टीममध्ये, आपला!" जोगळेकर काकांनी विचारलं, मराठी आहे का रे? मी म्हटलं, मराठी नाही, पण आपलाच. काका म्हणाले, मग येतो सगळ्यांना घेऊन.

आता त्याच्या आजाबद्दल. तो पहिल्या टीमबरोबर आला होता, पण खेळाडू म्हणून नाही. मालिशवाला. तेल चोळायचं, पट्ट्या बांधायच्या, जर्सी धुवायच्या. टीमच्या फोटोत तो नाही — त्या काळी अशा माणसाला फोटोत कोण घेणार? देशात परत गेल्यावरही सत्कारात त्याला कोणी बोलावलं नाही. आयुष्यभर तो नातवंडांना अमेरिका सांगत राहिला, आणि गावातली माणसं म्हणायची, म्हातारा फेकतोय.

या वेळी त्यांच्या मॅनेजरनं एक फार सुंदर गोष्ट ठरवली होती. शेवटच्या मॅचच्या आधी पहिल्या टीममधल्या प्रत्येकाचं नाव पुकारायचं आणि त्याच्या घरचं जे कोणी दौऱ्यावर असेल त्यानं एक पाऊल पुढे यायचं. आणि त्या नावांत सूरजच्या आजाचं नाव घातलं होतं. पहिल्यांदाच. सूरजचे वडील तिकडे फोनशी बसून राहणार होते. हे मला सूरजनं स्वतः सांगितलं होतं, आमच्या सोफ्यावर, आमच्या चिमुरडीशेजारी बसून, मोठ्या माणसानं सांगावं तसं नाही — डोळे पुसत.

मग? मग काय, मॅचच्या दिवशी सकाळी मी त्याला हॉटेलातून घ्यायला गेलो, तर तो म्हणाला, भइया, आजा सांगायचा की इथे जवळ एक मोठं पाणी आहे, तिथे टीमचा मुक्काम होता, तिथे त्यानं जर्सी धुतल्या होत्या. बाबांसाठी त्या पाण्याचा फोटो हवा. मी चौकशी केली तर ते पाणी म्हणजे आता काउंटीचा रिझर्व्हायर, पिण्याच्या पाण्याचा तलाव. कुंपण, पाट्या, कॅमेरे. आणि काळ कोणता? न्यूयॉर्कचे टॉवर पडून फार दिवस झालेले नव्हते. टीव्हीवर रोज हल्ल्याचा धोका किती ते रंगांत दाखवायचे. पूल, धरणं, पाण्याच्या टाक्या यांचे फोटो काढू नका, हे आम्हा देशी लोकांत ज्याला त्याला माहीत होतं. आमच्यातल्या निम्म्या घरांचे व्हिसाचे कागद अडकलेले, सगळे जपून. मलाही माहीत होतं. सूरजला माहीत नव्हतं. त्याला सांगायचं काम माझं होतं.

मी काय म्हणालो? म्हणालो — काढ रे बिनधास्त, कोण काय म्हणतंय! मोठा भाऊ ना मी.

गाडी रस्त्यापलीकडे एका दुकानासमोर लावली. तो कुंपणाकडे गेला, मी आत कॉफी घ्यायला. बाहेर आलो तर पोलिसांच्या दोन गाड्या. सूरज कुंपणाला हात टेकून उभा, पाय फाकवून, आणि कॅमेरा गवतात पडलेला. एका ऑफिसरनं रस्ता ओलांडला आणि माझ्यापाशी आला. रागावलेला नव्हता हो, अगदी शांतपणे विचारलं — हा तुमच्याबरोबर आहे का?

माझ्या हातात कॉफीचे दोन कप होते.

मी म्हणालो — नाही.

त्यानं कपांकडे पाहिलं. मी म्हणालो, दुसरा बायकोसाठी. कोणी विचारलं होतं का मला? आपण होऊन सांगितलं.

आणि सूरजनं ते ऐकलं. रस्ता काही फार रुंद नव्हता. ऑफिसरनं तिथूनच त्याला विचारलं, या माणसाला ओळखतोस? सूरजनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार, भइया म्हणणार. तो म्हणाला — नो सर, नेव्हर सीन हिम. आणि परत कुंपणाकडे तोंड केलं.

त्यावर मी काय करायला हवं होतं? एक वाक्य. एक राष्ट्रीय टीम आलीय, हा त्यांचा खेळाडू, हा घ्या ग्रेगचा नंबर. दहा मिनिटांत सुटला असता. फोन माझ्या खिशात होता. मी गाडीत बसलो, सीटबेल्ट लावला, सिग्नल देऊन निघून गेलो.

त्याची किटबॅग माझ्याच डिकीत होती, ते घरी आल्यावर लक्षात आलं. मग ती घेऊन मैदानावर गेलो आणि ग्रेगला दुसरं खोटं सांगितलं — सूरज वाटेतच उतरला, म्हणाला, जरा एकटा फिरून येतो. मॅनेजर भडकला. अशा दिवशी भटकायला जातो म्हणजे काय? बेजबाबदार पोरगा! मी मान हलवली. हलवली, बघा. पासपोर्ट मॅनेजरकडे, मॅनेजर मैदानावर. पोलीस बिचारे हॉटेलात फोन करत होते आणि तिथे टीमचं कोणीच नव्हतं. तो कुठे आहे हे त्या सगळ्या मैदानात एकट्या मला माहीत होतं, आणि मी मंडळाच्या लोकांसाठी खुर्च्या मांडत होतो.

नावं पुकारायला सुरुवात झाली. एकेक नाव, एकेक पाऊल, टाळ्या. मग त्याच्या आजाचं नाव आलं. कोणी पुढे आलं नाही. मॅनेजरनं पुन्हा पुकारलं. मी अंजलीच्या शेजारी बसलो होतो, ती हळूच म्हणाली, अरे कुठे राहिला हा? आणि तेवढ्यात काय झालं माहितेय — त्यांच्या कॅप्टननं दोन्ही बाजूंना पाहिलं आणि अख्खी टीम एक पाऊल पुढे आली. सगळेच्या सगळे. एका मालिशवाल्यासाठी. जोगळेकर काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. अंजली परत रडत होती. मीही टाळ्या वाजवल्या. हात होते, वाजवले.

सूरज दुसऱ्या हाफमध्ये आला, पोलिसांच्याच गाडीतून. मॅनेजरनं त्याला सगळ्यांदेखत झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, सॉरी, फोटो काढायला एकटाच गेलो, गाडीबिडी नव्हती, चूक झाली. मग शेवटची थोडी मिनिटं त्याला उतरवलं. आणि काय खेळला हो तो! एकेकाला असा मिठी मारल्यासारखा धरायचा, आडवा करायचा, हात देऊन उठवायचा. आमची मंडळी घसा फोडून ओरडत होती. टीम हरली, पण मैदान त्याचंच होतं. मी आयुष्यात इतका चांगला खेळ पाहिलेला नाही, आणि मला तो धड बघवत नव्हता.

मॅचनंतर तो माझ्याकडे आला. घामानं थबथबलेला, एका कानातून रक्त. मला वाटलं, देईल एक ठेवून — द्यायलाच हवी होती. त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला, बाजूला नेलं आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "भइया, कागज के बात रहा ना? बच्ची के साथ... हम समझ गया." म्हणजे माझे व्हिसाचे कागद अडकलेत, घरी लहान मुलगी आहे, म्हणून मी घाबरलो, असं त्यानं त्या कुंपणाशी उभं राहून स्वतःच ठरवलं होतं. आणि तेवढ्यासाठी तो मला ओळखत नाही म्हणाला होता.

मी मान हलवली. हो म्हणालो. कागदाचीच गोष्ट होती म्हणालो. त्यानं माझी पाठ थोपटली आणि अंजलीच्या पाया पडायला गेला.

गणपतीत सत्कार झाला. परदेशी पाहुण्यांना घरच्यासारखं सांभाळलं म्हणून. मी पाच मिनिटं भाषणही केलं, टीमबद्दल. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त मी त्यात जिथे जिथे होतो ते सोडून.

कागद अडकलेले नव्हते. आमची ग्रीन कार्डं त्या उन्हाळ्यातच आली होती, मंडळाला पेढेही वाटले होते. सूरजला ते माहीत नव्हतं. त्या सकाळी कार्ड माझ्या पाकिटात होतं, पाकीट मागच्या खिशात, आणि मला कोणाची काही भीती नव्हती. तिथे दाढीवाला एक काळा मुलगा कुंपणाला हात टेकून उभा होता, आणि त्या गोऱ्या ऑफिसरला मी त्या मुलासारखा वाटायला नको होतो. एवढंच होतं.