आधी वाचून दाखवा

सुधाकरचा फोन आला तेव्हा रविवारचे अकरा वाजले होते. त्या वेळी तो एकच विचारायचा, निघालात का म्हणून. त्यामुळे मी फोन उचलताच "निघालोच" असं खोटं सांगून टाकलं. तो म्हणाला, "सर, भाऊ गेले." त्याला आता दीड महिना झाला.

प्रमोदभाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात फिटर. आमचा खेळ त्यांच्या क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर चालायचा. या खेळात एक जण काल्पनिक राज्याची कथा सांगतो, बाकीचे त्यातले जादूगार, योद्धे होतात, आणि कथा अडली की फासे टाकायचे. फाशांचा अर्थ जाडजूड इंग्रजी नियमपुस्तकांत दिलेला असतो. कथा सांगायचे भाऊ. मी, लाखनीच्या शाळेतला गणिताचा मास्तर, जादूगार. भाऊंच्या पत्नी रजनीवहिनी चोर, शेंगा सोलता सोलता त्यांनी तीन राजवाडे साफ केले होते. आणि भंडाऱ्यात साड्यांचं दुकान चालवणारा सुधाकर भालाईत. त्याचं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरतं.

अशी पुस्तकं सतत निघत असतात आणि प्रत्येकात कुणाला तरी नव्या शक्ती मिळतात. त्यातली कोणती चालवायची हे कथा सांगणाऱ्यानं ठरवायचं. भाऊंची पद्धत त्यांची स्वतःची होती. ज्यानं पुस्तक आणलं त्यानं ते आपल्या बोलीत सगळ्यांना वाचून दाखवायचं. सुधाकरनं "समजलं" म्हटलं की भाऊ त्या पुस्तकाला शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घालायचे. कव्हर नसलेलं पुस्तक टेबलावर येत नसे.

एकदा मी नागपूरहून एका पुस्तकाची झेरॉक्स आणली. हुशारी अशी केली, की जादूगाराच्या शक्तींची तेवढीच पानं काढली. भाऊंनी ती चाळली आणि विचारलं, "बाकीचे पानं कुठी हायेत?"

"ते नाई लागत आपल्याले."

"तुले नाई लागत गा. समोरच्याले लागते."

मला राग आला. "सुधाकरसाठी सगळ्यायनं कायले थांबाचं?" मी बोलून गेलो, आणि सुधाकर शेजारीच बसला होता. त्यानं आपले फासे शर्टाच्या खिशात टाकले, वहिनींना "येतो" म्हटलं आणि गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. भाऊंनी मला एका शब्दानंही सुनावलं नाही. फक्त पुस्तकं आणि फासे ठेवायची ट्रंक उघडली नाही. "भालाईत नाई, त खेळ नाई," म्हणाले आणि पोह्यांची बशी पुढे सरकवली. असे तीन रविवार नुसते पोहे खाऊन मी घरी आलो. चवथ्या आठवड्यात मात्र पूर्ण पुस्तक मिळवलं, दोनशे पानी वहीत त्याचं मराठी केलं आणि वही घेऊन सुधाकरच्या दुकानात गेलो.

साड्यांच्या घड्या घालत तो ऐकत होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी वगळलेल्या पानांपर्यंत आलो तेव्हा त्याचे हात थांबले.

"म्हणजे तुमच्या जादूगाराले मार लागला, त मंतर तुटते?"

"तुटते."

त्यानं घडी पूर्ण केली. "मंग मी तुमच्यासमोर उभा राहीन. येतो रविवारी."

मला तिथं, गिऱ्हाइकांदेखत, रडू फुटायचंच राहिलं होतं. भाऊंनी त्या वहीला कव्हर घातलं, आणि पुढची कितीतरी वर्षं माझा एकही मंत्र भाल्याच्या आडोशाशिवाय पुरा झाला नाही.

भाऊंची आठवण रोज येते, पण गंमत अशी, की ती आली की बरंच वाटतं. मागच्या रविवारी वहिनींनीच आम्हाला बोलावलं. "ट्रंकेतल्या पुस्तकायले उधई लागाची वाट पाहून राहिले का तुम्ही?" म्हणाल्या. भाऊंच्या खुर्चीवर कोण बसणार, म्हणजे कथा कोण सांगणार, हा प्रश्न होता. वहिनींनी आणि मी आग्रह करून सुधाकरला बसवलं. तो अगदी काठावर टेकला. मला तेवढ्यात मोबाईलवर उतरवून घेतलेलं एक नवं पुस्तक आठवलं. जादूगारासाठी त्यात काय काय होतं... मी उत्साहानं मोबाईल त्याच्यापुढे धरला.

सुधाकरनं तो हळूच माझ्याकडे परत सरकवला आणि खुर्चीत नीट मागे रेलून बसला.

"सर, आधी वाचून दाखवा."

वहिनी खाकी कागदाची गुंडाळी आणायला उठल्या. मी चष्मा लावला, आणि मंतर कशानं तुटतो ते पान आधी काढलं.