राखणदाराला विचारल्याशिवाय

आमच्या बोरिवलीत नदी आहे म्हटलं की वांद्र्याची माझी नणंद हसते. "अगं, तो नाला!" म्हणते. नाला कसला? तिच्या काठावर आधी म्हशींचे तबेले होते, धोबी कपडे वाळत घालायचे. तबेले उठले आणि उरलं ते आमचं मैदान. तिथे आमची कोकणातली माणसं दरवर्षी दशावतार करायची. गिरणीची पाळी करून आलेले माझे बाबा लुगडं नेसून द्रौपदी व्हायचे. काय झकास दिसायचे! आई तर चक्क जळायची.

त्याच जागी आता नाट्यगृह आहे. एसी, लाल खुर्च्या, सगळं. पण बांधकामात काठावरचा उंबर गेला आणि त्याच्याखालचा दगडही गेला. तो आमचा राखणदार, जागेची राखण करणारा देव. त्याला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आणि सगळ्यांनी त्यावर 'व्हय' म्हटल्याशिवाय बाबांनी कधी तोंडाला रंग लावला नव्हता. ते जे रुसले, ते नाट्यगृहात पाऊल टाकेनात. फुकटचा पास दाखवला तरी एकच, "मी येवचंय नाय."

गेल्या वर्षी तिथेच मला नाटकात काम मिळालं. पन्नाशीत, पहिल्यांदा! बाकी कोणी येवो न येवो, बाबा समोर बसायला हवे होते. मी हट्टच धरला. आले, पण दारापर्यंतच. पहिली घंटा झाली तरी त्यांची खुर्ची रिकामी. वाट लागली म्हटलं आणि रंगवलेल्या तोंडाने तशीच बाहेर धावले.

बाबा पार्किंगमध्ये नदीच्या भिंतीकडे तोंड करून उभे, हातात नारळ.

"उंबर हयसरच होतो," म्हणाले. "पण गाऱ्हाण्याक व्हय म्हणूक कोण तरी होया ना गो."

"मी म्हणते. घाला लवकर, बाबा, दुसरी घंटा होईल!"

त्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमी हयसर नाचलंव, तू सांभाळलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आमचा आता झाला. आजपासून ही जागा माझ्या चेडवाची. तेका सांभाळ."

चेडू म्हणजे लेक. म्हणजे मी. गालावरचा रंग ओघळून हनुवटीपर्यंत आला. बाबा नारळ धरून तसेच थांबले.

"गो बाय, व्हय म्हण," ते हळूच म्हणाले. "नायतर मी आत कसो येतलंय?"