पाण्यावरून मागवलेला चहा

अन्याय माझ्या थोरल्या भावावर झाला. चंबळेवरचं नवं धरण भरलं त्याच वर्षी, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. ज्यानं केला तो त्या वेळी इंदुरात, तुकोगंजातल्या ऑफिसात जेवणानंतरचं पान चघळत होता. आधीच सांगून टाकते, त्या माणसाबद्दल मी इथे एकही बरा शब्द लिहिणार नाही.

दादा पायलट होता. इंदूरच्या एका खासगी कंपनीकडे दोन लहान विमानं होती, त्यातलं एक त्याच्याकडे. धरणाच्या पाण्याखाली जुनं जंगल बुडालं होतं. झाडांचे शेंडे कुठे वर राहिलेत, मासेमारांची जाळी कुठे अडकतील, ते वरून पाहून नकाशावर खुणा करायचं काम कंपनीनं घेतलं होतं. शेंडे दिसायचे तर विमान पाण्यालगत आणावं लागे. दादा ते एकट्यानं करायचा.

कंपनीत एक रीत होती. धरणाकडून परतताना पायलटनं रेडिओवर सांगायचं, "इंदूर, चहा चढवा." मग ऑपरेटर खिडकीतून कँटीनवाल्याला हाक मारायचा आणि विमान उतरेपर्यंत चहा-पोहे तयार. मॅनेजरसाहेब पाहुण्यांना ही गंमत मुद्दाम दाखवत. "बघा, थेट धरणावरनं ऑर्डर आली!"

धरणावरनं नव्हेच ती. परतीच्या वाटेवर विमान खूप उंच चढलं की मग ती यायची. दादानं मला हे स्वयंपाकघरात समजावलं होतं. परात उपडी घातली, तिच्यावर एक लवंग धरली. "ही लवंग म्हणजे मी. परातीच्या त्या कडेला इंदूर. रेडिओ सरळ रेषेत जातो. मी उंच असलो तर माझा आवाज तिथं पोचतो. पाण्यालगत उतरलो की मधे डोंगर आणि जमिनीचा फुगवटा. मग कितीही बोंबललो तरी माझं मलाच."

"मग साहेबांना सांग ना."

"सांगितलं. म्हटलं, धरणाच्या काठावर एक सेट आणि एक माणूस बसवा. म्हणाले, अहो, चहा तर रोज ऐकू येतो ना?"

आई म्हणाली, "लवंग डब्यात टाका परत." आम्ही हसलो.

त्या दुपारी पाण्यावर असतानाच इंजिनानं दगा दिला. दादानं हाका मारल्या. इंजिन जातंय, मी अमुक ठिकाणी उतरतोय, सगळं रीतसर सांगितलं. विमान पाण्यावर आपटलं आणि बुडालं. दादा मोडक्या हातानं पोहत एका टेकडीवर पोचला. तिचं आता बेट झालं होतं. त्याचा आवाज येत नाही म्हणून इंदूरला कुणालाच काळजी वाटली नाही, कारण पाण्यावरून तो कधीच येत नसे. अंधार पडल्यावर शोधाशोध सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मासेमारांनी त्याला होडीत घातलं. संक्रांतीचे लाडू तसेच राहिले. हात वाकडा जुळला.

चौकशी कंपनीनं आपली आपणच केली. मॅनेजरसाहेबांनी निकाल लिहिला: रेडिओ उत्तम होता, धरणाकडून चहाची ऑर्डर रोज येत असे, त्या दिवशी पायलटच चूप राहिला. वर गावभर सांगत सुटले, "रिसाल्यातल्या लढवय्या घराण्याचा म्हणे, आणि ऐन वेळी तोंड शिवून बसला! हाक मारली असती तर तासाभरात होडी पाठवली असती." दादाची नोकरी गेली. तो शिक्का पाहिल्यावर दुसरं कुणी विमानाला हात लावू देईना. लग्नकार्यात लोक त्याला पाणी विचारायचे आणि लगेच नजर फिरवायचे.

दादा म्हणाला, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. तोवर कॉलेजची फी, गिरणीतल्या पाळ्या असल्या विषयांवर मी पुष्कळ पत्रकं छापली होती, हे एक आणखी. मथळा घातला: "साहेब, चहा पाण्यावरून मागवा." खाली लिहिलं, दादा उडायचा त्याच उंचीवर जा, तिथूनच ऑर्डर द्या. चार माणसांसमोर ऐकू आली तर मी तुमच्या दारात येऊन माफी मागेन. सांवेर रोडच्या कारखान्यांपासून तुकोगंजापर्यंत वाटलं. त्यांच्या फाटकावर तर स्वतः चिकटवलं.

साहेब फाटकात आले. "बाई, पत्रकं छापून विमान उडत नाही."

"न छापताही बुडतं, साहेब."

लोक हसले, आणि तिथंच साहेब फसले. "ठीक है! रविवारी मी स्वतः जातो. म्हणाल तिथून मागवतो."

रविवारी रेडिओ रूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दादा आला नाही. विमान चालवायला त्याचा जुना जोडीदार होता. जाताना साहेबांचा आवाज खणखणीत आला, "इंदूर, माळवा काय सुंदर दिसतोय!" पुढे म्हणाले, "आता खाली उतरतोय." मग फक्त खरखर.

आम्ही बसलो. ऑपरेटर रुमालानं मान पुसत होता. कँटीनवाल्यानं खिडकीतून दोनदा डोकावून विचारलं, "भिया, चाय चढाऊँ के नी?" मी म्हटलं, "अभी नी. साहेब बोलले की चढवा."

बऱ्याच वेळानं सेट एकदम किंचाळला. विमान वर चढलं होतं. "इंदूर! मेलात का सगळे? केव्हाचा ओरडतोय मी! चहा म्हटलं, हॅलो म्हटलं, कुणी उत्तर देईना! खाली नुसतं पाणी आहे इथं!" शेवटच्या वाक्याला आवाज कापरा झाला. सगळ्या खोलीनं तो ऐकला.

ऑपरेटर म्हणाला, "सर, पाण्यावरून काहीच आलं नाही."

"चढाऊँ?" कँटीनवाला.

"नको," मी म्हटलं. "ही ऑर्डर पाण्यावरची नाही."

साहेब उतरले, टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं. मी पुढे झाले. "तुम्ही चूप होतात, साहेब. तोंड शिवून बसला होतात." साहेब वळले आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडले. मला आजवर इतकं गोड काही लागलेलं नाही, आणि त्याची मला लाज नाही.

आठवड्यानं कंपनीचा खुलासा आला, त्या रविवारी सेट खराब होता. म्हणजे दादाच्या दिवशी सेट उत्तम, साहेबांच्या दिवशी खराब. चौकशी संपली आहे, निकाल बदलणार नाही. "पायलट चूप राहिला" हे वाक्य तसंच आहे. दादा इंदूरजवळ बेटमा गावी ट्रॅक्टरच्या दुकानात हिशेब लिहितो. डोक्यावरून विमान गेलं की वर बघत नाही. काठावर अजून सेट नाही, आणि दुसरा कुणाचा तरी मुलगा त्याच पाण्यावर उडतो आहे.

साहेब मजेत आहेत. रोज सकाळी तुकोगंजात फिरायला निघतात, कॅनव्हासचे पांढरे बूट घालून. हे वाचणाऱ्या इंदूरकरा, उद्या त्यांना थांबव. नमस्कार करू नकोस. विचार, "ते वाक्य कधी खोडता? काठावर माणूस कधी बसवता?" आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांची वाट सोडू नकोस.