पांढऱ्या ठिणग्या
परवा कोडोलीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर ग्राइंडरच्या पिवळ्या ठिणग्या उडत होत्या, आणि तापल्या लोखंडाच्या त्या वासानं मला थेट शिवाजी पेठेतल्या एका लेथ मशीनपाशी नेऊन उभं केलं. मशीन माझ्या जिवलग दोस्ताचं. आम्ही दोघं ट्रायल बाइकवाले, म्हणजे पाय न टेकता खडकांवर गाडी चढवणारे. मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटसाठी, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीसाठी, मी हौसेनं टायटॅनियमची प्लेट मागवली होती, एकाच स्प्रॉकेटपुरती. ती कापायला दोस्ताकडं दिली, तेव्हा त्यानं तिचा कोपरा ग्राइंडरला टेकवला. "बघ भावा, लोखंडाची ठिणगी पिवळी, हिची पांढरी. अ‍ॅल्युमिनियमला ठिणगीच न्हाय." आठ दिवसांनी स्प्रॉकेट हातात आलं ते इतकं हलकं, की मी त्याला मिठीच मारली. टायटॅनियम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जड असतं, हे त्या आनंदात सुचलंच नाही. पन्हाळ्याकडच्या खडकांवर तिसऱ्याच चढाला स्प्रॉकेटचे दाते वाकले, चेन उतरली आणि मी मनगटावर आपटलो. पडल्या जागेवरून वर बघितलं तर दोस्त पुढं चढत होता. त्याचं स्प्रॉकेट दगडाला घासलं आणि पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडाल्या. माझी नजर कुठं आहे ते त्याला कळलं. वरूनच ओरडला, "तू अजून शिकतोयस की! तुला अ‍ॅल्युमिनियम चालतंय!" मनगट दीड महिन्यात बरं झालं. परवा ग्राइंडरवाल्यानं मशीन थांबवून विचारलं, "पावणं, एवढं काय बघताय?" मी म्हटलं, "ठिणगीचा रंग."