काकूंचा जुना नंबर

मालतीकाकूंकडे सिलिंडर आला की मी हातातलं काम ठेवून दारात उभा राहतो. माझं दार त्यांच्या समोरच आहे, तेव्हा याला चौकसपणा म्हणू नये.

सिलिंडर ताब्यात घ्यायला ओटीपी सांगावा लागतो आणि तो येतो बंगळूरला, मुलाच्या फोनवर, कारण नोंदणी त्याच्या नंबरावर आहे. एरवी कायम मीटिंगमध्ये असणारा मुलगा त्या दिवशी दुसऱ्या रिंगला फोन उचलतो. चार आकडे विचारायला काकूंना सात-आठ मिनिटं लागतात. त्यात त्याचा खोकला येतो, सुनेची नवी नोकरीही येते.

“काकू, एजन्सीत येऊन नंबर बदलून घ्या. दोन मिनिटांचं काम,” सिलिंडरवाले शिंदे दर वेळी सांगायचे.

“येते की सवडीनं,” काकू म्हणायच्या. सवडीला काकूंकडे तोटा नाही.

तंत्रज्ञानानं माणसं जवळ आणली, असं हार घालून घेऊन व्यासपीठावरून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तंत्रज्ञानाची अडचण मात्र माणसं जवळ आणते, हे मी हाराशिवाय सांगायला तयार आहे.

परवा मुलगा घाईत होता. आकडे सांगून लगेच म्हणाला, “ठेवतो, आई.” काकूंचा चेहरा उतरला. शिंद्यांनी आकडे टाकले, त्यांच्या फोनवर हिरवी खूण उमटलेली मला स्पष्ट दिसली. त्यांनी फोन खिशात घातला आणि ते सावकाश सिलिंडरवर बसले.

“शेवटचा आकडा घेत नाहीये, काकू. थांबायला सांगा त्यांना जरा.”